मुलांच्या सिरपचा रिकॉल आला तर काय बघायचं, आणि डोस घरी नीट कसा मोजायचा

आमचं बाळ आठ महिन्यांचं होतं तेव्हाची गोष्ट, वजन बरोब्बर ८ किलो, रात्री दीड वाजता अंग नुसतं भाजत होतं. डॉक्टरांना फोन लावला, ते म्हणाले पॅरासिटामॉल ५ एमएल द्या आणि सकाळी घेऊन या. मी कपाटातून बाटली काढली, ५ एमएल भरलं पण, तेवढ्यात सासूबाई मागून म्हणाल्या, "अगं थांब, मागचं औषध लालसर होतं ना, हे केशरी कसं?" लाइट लावून लेबल वाचलं. मागची बाटली ५ एमएलमध्ये १२० एमजीची होती, ही ५ एमएलमध्ये २५० एमजीची. ब्रँड तोच, खोकं जवळपास तसंच, मेडिकलमध्ये आधीची शिल्लक नव्हती म्हणून ही दिली आणि आम्हीही बघितलं नाही. डॉक्टरांचं ५ एमएल बरोबरच होतं, पण ते १२० वाल्या बाटलीचं. सासूबाईंना रंग आठवला नसता तर बाळाला दुपटीहून जास्त औषध गेलं असतं.

तेव्हापासून मी या विषयाच्या मागेच लागले म्हणा ना. मुलांची पातळ औषधं बाजारातून परत का मागवतात हे वाचत गेले आणि लक्षात आलं की बऱ्याचदा औषध "खराब" नसतंच, घोळ डोसचा असतो. म्हणून हे सगळं एका ठिकाणी लिहून ठेवतेय, ज्यांच्या घरी लहान मूल आहे त्यांनी एकदा बाटली हातात घेऊनच वाचा.

आधी रिकॉल, म्हणजे औषध बाजारातून परत मागवणं, कशाकशासाठी होतात ते बघू, कारण त्यावरून आपण घरात नेमकं काय तपासायचं ते कळतं. याची सगळ्यात स्पष्ट उदाहरणं अमेरिकेतली आहेत, तिथे प्रत्येक रिकॉलचं कारण लेखी जाहीर होतं.

पहिला प्रकार, औषधच ठरलेल्यापेक्षा स्ट्राँग निघणं. ३० एप्रिल २०१० ला मॅकनील कंपनीने लहान मुलांचं टायलेनॉल (तिकडचं पॅरासिटामॉल), मोट्रिन, झिरटेक, बेनाड्रिल अशी ४० हून जास्त पातळ औषधं परत मागवली, पेनसिल्व्हेनियातल्या फोर्ट वॉशिंग्टनच्या कारखान्यातली, आणि एक कारण असं होतं की काही बाटल्यांत मूळ औषधाचं प्रमाण जास्त असू शकतं. नंतर २०१८ च्या डिसेंबरमध्ये न्यू जर्सीच्या ट्रिस फार्माने तान्ह्या बाळांच्या आयबुप्रोफेन (हे पण तापाचंच औषध) ड्रॉप्सचे लॉट, म्हणजे बॅच, परत घेतले, ते वॉलमार्ट, सीव्हीएस आणि फॅमिली डॉलर या दुकानांच्या स्वतःच्या लेबलखाली विकले जात होते, आणि जानेवारी २०१९ मध्ये त्या यादीत आणखी लॉट वाढले. काही बाटल्यांत औषध मान्य मर्यादेच्या १० टक्क्यांपर्यंत वर असू शकतं असं त्यात होतं. १० टक्के ऐकायला किरकोळ वाटतं, पण पाच-सहा किलोच्या बाळाला आपण आधीच वरच्या टोकाचा डोस देत असलो तर त्यावर आणखी भर नको.

दुसरा प्रकार मला जास्त महत्त्वाचा वाटतो, कारण तो डोळ्यांना दिसतो. औषध एकदम बरोबर, पण मोजायचं साधन चुकीचं. नोव्हेंबर २०१३ मध्ये पेरिगो कंपनीने बाळांचं पॅरासिटामॉल परत घेतलं कारण काही खोक्यांतल्या सिरिंजवर आकडेच छापलेले नव्हते. जानेवारी २०१६ मध्ये त्याच कंपनीच्या मुलांच्या खोकल्याच्या औषधाचे कप चुकीच्या खुणांचे निघाले. जून २०२० मध्ये जीएसकेने मुलांचं रॉबिटसिन हनी आणि डायमेटॅप ही दोन औषधं परत घेतली, रॉबिटसिनच्या कपावर ५ आणि १० एमएलची रेघ नव्हती, डायमेटॅपच्या कपावर १० ची नव्हती, कपावर फक्त २० एमएलची खूण. आता विचार करा, रात्री अर्धवट झोपेत आई कपावर एकच रेघ बघते आणि तिथपर्यंत भरते.

तिसरा प्रकार फेब्रुवारी २०१२ चा, बाळांच्या द्राक्षाच्या चवीच्या टायलेनॉलच्या सुमारे ५ लाख ७४ हजार बाटल्या परत गेल्या. त्यात बाटलीच्या तोंडाशी एक अडसर होता, सिरिंज त्यात खुपसून औषध ओढायचं, म्हणजे सांडत नाही आणि जास्त येत नाही. चांगल्यासाठीच केलेली सोय, पण काही लोकांकडून सिरिंज घालताना तो अडसरच आत बाटलीत जायला लागला.

बरं हे सगळं अमेरिकेचं, आपल्याला काय, असं म्हणू नका. आपल्यापैकी कितीजणांच्या घरी न्यू जर्सी नाहीतर कॅलिफोर्नियाहून येणारी नणंद, भाऊ, मावशी बॅगेत बाळासाठी औषध घेऊन येतात. आमच्या घरीही येतं. त्या बाटलीचा रिकॉल तिथे निघतो, पुण्यात किंवा सांगलीत त्याचा पत्ताच लागत नाही. आणि अशा बाटल्यांबाबत दोन गोष्टी माहीत असायलाच हव्यात. एक, त्यांच्या लेबलवर ॲसिटामिनोफेन लिहिलेलं असतं, ते आणि आपलं पॅरासिटामॉल एकच औषध आहे, फक्त नाव वेगळं. सकाळी आजीने इथलं पॅरासिटामॉल दिलं आणि दोन तासांनी आईने "अमेरिकेचं तापाचं" दिलं तर ते डबल झालं. दोन, तिकडे आयबुप्रोफेनच्या दोन बाटल्या मिळतात, तान्ह्या बाळांची १.२५ एमएलमध्ये ५० एमजी आणि मोठ्या मुलांची ५ एमएलमध्ये १०० एमजी. हिशोब केलात तर बाळाची बाटली दुप्पट स्ट्राँग आहे! सगळ्यांना उलटं वाटतं, बाळाची म्हणजे माइल्ड असणार. ती घट्ट असते कारण बाळाला कमी एमएल पाजावं लागावं. पॅरासिटामॉलचंही पूर्वी तिकडे तसंच होतं, ड्रॉप्स ०.८ एमएलमध्ये ८० एमजीचे असायचे, घोळ व्हायला लागले म्हणून २०११ पासून कंपन्यांनी सगळ्या मुलांसाठी एकच, ५ एमएलमध्ये १६० एमजी केलं. आता बाळाच्या आणि मुलाच्या बाटलीत औषध सारखंच, एकाबरोबर सिरिंज येते, दुसऱ्याबरोबर कप.

आपल्याकडे मात्र आजही एकाच औषधाच्या तीन-तीन स्ट्रेंग्थ शेजारी शेजारी मांडलेल्या असतात, म्हणून हा हिशोब नीट समजून घ्या.

पॅरासिटामॉलचा डोस साधारण वजनाच्या दर किलोला १५ एमजी असा धरतात, दोन डोसमध्ये किमान ४ ते ६ तास, आणि २४ तासांत ४ पेक्षा जास्त डोस नाही. समजा मूल १० किलोचं आहे, म्हणजे एका वेळी १५० एमजी. ड्रॉप्सची बाटली असेल, १ एमएलमध्ये १०० एमजीवाली, तर झालं १.५ एमएल. १२० एमजीवालं सिरप असेल तर ६ एमएलच्या थोडं वर. २५० वालं असेल तर ३ एमएल. मूल तेच, ताप तोच, औषध तेच, आणि आकडे तीन. आता चुकून ड्रॉप्सच्या बाटलीतून ६ एमएल दिलं तर ६०० एमजी गेलं, चौपट. उलटं झालं, म्हणजे १२० वाल्यातून दीडच एमएल दिलं, तर ३६ एमजी जातं, ताप हलत नाही, मग घरचे घाबरून तासाभरात परत देतात, मग अजून एकदा, आणि कुणी किती दिलं त्याचा मेळच राहत नाही. म्हणून डॉक्टरांनी फोनवर नुसतं "५ एमएल द्या" म्हटलं की लगेच विचारायचं, "डॉक्टर, कितीवालं? माझ्याकडे अमुक एमजीची बाटली आहे." यात संकोच कसला, डॉक्टरांना पण बरंच वाटतं. आणि वजन महिन्यापूर्वीचं सांगू नका, बाळाचं भराभर वाढतं. आयबुप्रोफेन तर सहा महिन्यांखालच्या बाळाला डॉक्टरांना विचारल्याशिवाय नकोच, आणि जुलाब-उलट्या होऊन मूल सुकलेलं असेल तेव्हा पण नको, किडनीवर ताण येतो.

खोक्यावर पुढच्या बाजूला मोठ्या अक्षरात ब्रँड असतो, त्याच्या मागे बारीक डीएस किंवा फोर्ट (म्हणजे जास्त स्ट्राँग) किंवा नुसता २५० आकडा लावलेला असतो, तेच खरं वाचायचं. त्याहून खात्रीचं म्हणजे बाजूचा मजकूर, प्रत्येक ५ एमएलमध्ये अमुक एमजी, ड्रॉप्सवर प्रत्येक १ एमएलमध्ये. ५ आणि १ हा फरक बघितल्याशिवाय झाकण उघडायचं नाही. सर्दीच्या औषधात पण पॅरासिटामॉल मिसळलेलं असतं बऱ्याचदा, त्यामुळे तापाचं आणि सर्दीचं एकत्र देताना दोन्हीचा मजकूर वाचा. मी काय करते, नवीन बाटली आणली की टोपणावर मार्करने जाड आकड्यात लिहिते, "५ एमएल = १२०", अंधारात पण दिसतं.

आता मोजायचं कसं. घरातला चमचा सरळ विसरा. चहाचा चमचा, पोह्याचा चमचा, प्रत्येक घरचा वेगळा, एकाच ड्रॉवरमधले दोन चमचे मी मोजून बघितले, एकात ३ एमएल मावलं, दुसऱ्यात जवळजवळ ६. टोपणाबरोबर येणारा कप ५ किंवा १० एमएलला ठीक आहे, पण तो हातात उंच धरून बघायचा नाही, सपाट ओट्यावर ठेवायचा आणि आपण वाकून डोळे रेघेच्या बरोबरीला आणायचे. औषध कडेने थोडं वर चढलेलं दिसतं, मधला खळगा जिथे आहे ती पातळी खरी. ५ एमएलपेक्षा कमी द्यायचं असेल तर कप नकोच, सिरिंज घ्या. मेडिकलमध्ये बिनसुईची ५ एमएलची सिरिंज मागा, थोड्या पैशात मिळते, २ एमएलची पण एक ठेवा ड्रॉप्ससाठी.

सिरिंज वाचताना एक चूक सगळे करतात. आतल्या रबराला दोन कडा दिसतात, एक टोकाकडची आणि एक आपल्या अंगठ्याकडची. आकडा टोकाकडच्या कडेला वाचायचा. औषध ओढलं की टोक वर करून बोटाने टिचकी मारायची, बुडबुडे वर येतात, ते हळूच बाहेर काढायचे आणि मग परत रेघेवर आहे का बघायचं. बुडबुडा राहिला तर तेवढं औषध कमी जातं. बाळाला थोडं उठवून धरायचं, सिरिंज जिभेवर नाही तर गालाच्या आतल्या बाजूला, आणि थोडं थोडं सोडायचं, एकदम नाही. सिरिंजच्या टोकाला छोटं झाकण असेल तर ते आधी काढून लांब टाका, बाळाच्या घशात जाऊ शकतं. बाटली देण्याआधी हलवायची, सस्पेन्शन असेल तर औषध तळाशी बसतं, न हलवता दिलं तर पहिले डोस फिके आणि शेवटचे कडक. आणि एका बाटलीचा ड्रॉपर दुसऱ्या बाटलीला लावू नका, सगळ्या ड्रॉपरवरच्या खुणा सारख्या नसतात.

अँटिबायोटिकची पावडरवाली बाटली असेल तर तिथे डोस पाणी घालतानाच ठरतो. उकळून गार केलेलं पाणी, आधी थोडं घालून हलवायचं, फेस बसू द्यायचा, मग बाटलीवरच्या खुणेपर्यंत भरायचं. फेसालाच पातळी समजून थांबलात तर पाणी कमी पडतं आणि औषध स्ट्राँग होतं.

आता रिकॉल तपासायचा कसा ते. यासाठी एकच सवय लागते, खोकं टाकायचं नाही. बाटली आणली की फोटो काढा, एक पुढचा, एक एमजीच्या मजकुराचा, एक बॅच नंबर, बनवल्याची तारीख आणि एक्स्पायरीचा. रिकॉल सहसा सगळ्या ब्रँडचा नसतो, ठराविक बॅचचा असतो, आणि बॅच नंबर बऱ्याचदा औषधाचे ओघळ लागून पुसला जातो, मग बाटली हातात असून काही कळत नाही. ऑगस्ट २०२३ पासून आपल्याकडच्या ३०० मोठ्या ब्रँडच्या औषधांवर बारकोड किंवा क्यूआर कोड सक्तीचा आहे, फोनने स्कॅन केला तर कंपनी, बॅच, तारखा दिसतात, त्या छापील आकड्यांशी जुळतात का बघा. बिल पण ठेवा, बिलावर बॅच नंबर लिहिलेला असतो.

अमेरिकेतली बाटली असेल तर तिथल्या एफडीएच्या, म्हणजे अन्न व औषध प्रशासनाच्या, साइटवर रिकॉलचं पान आहे, त्यात औषधाचं नाव टाकून लॉट नंबर आणि एक्स्पायरी जुळवायची. दुकानाच्या स्वतःच्या लेबलची बाटली असेल तर दुकानाचं नाव टाकून पण शोधा, ट्रिसच्या वेळेला बाटलीवर दुकानाचा ब्रँड ठळक होता, कुणाला काय माहीत आत ट्रिसचं औषध आहे.

आपल्याकडे सीडीएससीओ, म्हणजे केंद्राची औषध नियंत्रण संस्था, दर महिन्याला दर्जात नापास झालेल्या औषधांची यादी टाकते, साइटवर अलर्ट्सच्या भागात. यादीत बॅच आणि नापास होण्याचं कारण असतं. कारणात "ॲसे" असं दिसलं तर समजायचं की मूळ औषधाचं प्रमाण कमी-जास्त निघालंय, म्हणजे आपला डोसचाच विषय. यादी रुक्ष आहे, इंग्रजीत आहे, पण नावाने शोधता येते. रिकॉलच्या तीन पातळ्या आहेत, पहिली सगळ्यात गंभीर, त्यात २४ तासांत विक्री थांबवायची आणि ७२ तासांत माल परत घ्यायचा असा नियम आहे. पण तो माल दुकानातून परत जातो, आपल्या कपाटातली अर्धी बाटली आपणच शोधायची असते.

आणि रिकॉल म्हटलं की सगळ्यांना कोल्ड्रिफ हे खोकल्याचं सिरप आठवतं. सप्टेंबर-ऑक्टोबर २०२५ मध्ये मध्य प्रदेशात छिंदवाड्यातली मुलं गेली, कितीतरी मुलांवर आपल्या नागपुरात उपचार चालू होते, महाराष्ट्राच्या एफडीएने पण एसआर-१३ बॅचबद्दल इशारा काढला. तो डोसचा घोळ नव्हता, त्यात डायथिलीन ग्लायकॉल हे विषच होतं, तपासणीत ४८.६ टक्के निघालं. मापात दिलं तरी ते मारणारच होतं, त्या आईबापांचा काही दोष नव्हता, हे मला आवर्जून लिहायचंय. त्या वेळी केंद्राने परत सांगितलं की २ वर्षांखालच्या मुलांना खोकला-सर्दीची औषधं देऊच नयेत आणि ५ वर्षांखाली पण सहसा नको. त्याआधी डिसेंबर २०२३ मध्ये क्लोरफेनिरामिन आणि फिनाइलेफ्रिन एकत्र असलेल्या ड्रॉप्सवर ४ वर्षांखाली वापरू नये असं लेबल सक्तीचं झालं. घरात जुनी बाटली पडलेली असेल तर ही दोन नावं वाचून बघा.

तुमच्या बाटलीचा बॅच जुळला तर पहिलं म्हणजे देणं बंद, "आज रात्रीपुरतं" पण नाही. बाटली ओतून टाकू नका, झाकण घट्ट लावून पिशवीत घालून वर ठेवा, तोच पुरावा आहे आणि तपासणीला लागू शकते. रिकॉलची नोटीस पूर्ण वाचा, कारण काय ते बघा. कप किंवा सिरिंजचा घोळ असेल तर आपण आत्तापर्यंत कशाने मोजलं ते आठवा, स्वतःच्या सिरिंजने मोजलं असेल तर डोस बरोबरच गेलाय. औषध स्ट्राँग निघालं असेल तर शेवटचा डोस कधी, किती, मुलाचं वजन किती हे कागदावर लिहून डॉक्टरांना फोन करा. मेडिकलवाल्यांना बिल दाखवून सांगा, बाकीच्या गिऱ्हाइकांपर्यंत पण पोचेल. महाराष्ट्रात अन्न व औषध प्रशासनाचा टोल फ्री नंबर १८००-२२२-३६५ आहे. औषधाने त्रास झाला असेल तर १८००-१८०-३०२४ या केंद्राच्या हेल्पलाइनवर नोंद करता येते, ती सामान्य माणूस पण करू शकतो.

जास्त डोस गेला असं लक्षात आलं तर मूल खेळतंय, हसतंय म्हणून थांबू नका. पॅरासिटामॉलचं हेच भयंकर आहे, पहिल्या दिवशी मूल ठीक दिसू शकतं, थोडी मळमळ, थोडी सुस्ती, आणि लिव्हरचं नुकसान एक-दोन दिवसांनी दिसायला लागतं. त्यावर औषध आहे, एन-ॲसिटिलसिस्टीन, आणि ते पहिल्या ८ तासांत सुरू झालं तर सगळ्यात चांगलं काम करतं, म्हणून वेळ घालवायचा नाही. उलटी काढायला बोटं घालू नका, मिठाचं पाणी पाजू नका. दिल्लीच्या एम्सचं विषबाधा माहिती केंद्र आहे, १८००-११६-११७, फोन करा, आणि बाटली सोबत घेऊन हॉस्पिटल गाठा. मूल उठवून उठत नसेल, श्वास नीट नसेल, फिट आली तर सरळ १०८.

आमच्या घरी आता फ्रिजवर एक वही लटकवलेली आहे, पेन दोऱ्याने बांधलेलं. ताप आला की वेळ, औषध, किती एमएल, कितीवालं, कुणी दिलं, एवढंच. सासूबाईंना बारीक अक्षर दिसत नाही म्हणून सिरिंजवर त्यांच्यासाठी लाल नेलपॉलिशची रेघ मारलीय, मुलाचं वजन वाढलं की पुसून नवीन मारते. बाटली संपली किंवा बदलली की ती रेघ पण लगेच पुसते, कारण नवीन बाटली २५० ची असेल तर जुनी रेघच चुकीची ठरेल. पाळणाघरात पण ताईंना नुसतं "ताप आला तर औषध द्या" सांगत नाही, बाटली, सिरिंज आणि चिठ्ठी एकाच पिशवीत देते, चिठ्ठीवर सकाळचा डोस किती वाजता दिला ते लिहिलेलं असतं.